सुमी थांबली ती दारं

आवाच्या डोंगरात जनावरं आहेत पण भाताची खाचरं नाहीत, आणि खाली सानुकीच्या मैदानात खाचरंच खाचरं आहेत पण दारात जनावर नाही. देवानं वाटणी करताना डुलकी काढली असावी. म्हणून दरवर्षी रोपणीच्या तोंडावर डोंगरातल्या गाई खिंड उतरून खाली जायच्या, मैदानातल्या लोकांच्या चिखलात राबायच्या आणि भाड्याचे तांदूळ पाठीवर घेऊन परत वर चढायच्या. खिंडीच्या पायथ्याशी त्यांचा तळ पडे. तिथे हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, आपली सैल बाही पुढे करून उभे असत. गाईच्या मालकानं त्या बाहीत हात घालायचा, आतल्या आत बोटं दाबायची, आणि भाडं ठरायचं. बाहेरच्याला दिसायचे ते फक्त दोन माणसांचे कोरे चेहरे. त्यातला एक थोड्या वेळानं पडायचा, तो बहुतेक मालकाचा असे.

कुमेजीनं त्या बाहीत जन्मात कधी हात घातला नव्हता, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. "आमचं भाडं तोंडानं ठरतं," तो चारचौघांत सांगायचा. ऐकणारे मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. पण त्याच्या सांगण्यात खोटं काही नव्हतं. खाली मैदानात त्याचा वासाबुरो होता.

दोघांची ओळख तरुणपणातली. कुमेजीच्या बापाचा बैल एका थंडीत मैदानातल्या तळ्यात घसरला, तेव्हा काठावर जमलेल्या गर्दीतून एकटा वासाबुरो पाण्यात उतरला. लोक दोर घेऊन येईपर्यंत त्यानं बैलाचं तोंड पाण्यावर धरून ठेवलं. बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. त्या दिवशी दोघांनी एका पेल्यातून साके घेतली आणि भाऊ झाले. वासाबुरो त्याला दादा म्हणू लागला. पुढे बाप गेला, बैल गेला, कुमेजीनं सुमी नावाची काळी गाय वाढवली, आणि ती दर रोपणीला वासाबुरोकडेच जाऊ लागली. हेडी नाही, बाही नाही, दोन पोती तांदूळ. "माझी म्हणून नको, तुझीच समजून वापर," कुमेजी निरोप पाठवायचा.

गाईला नेण्या-आणण्याचं काम बायकोच्या भावाचं, इनोसुकेचं. तो खालच्याच उतारावर राहायचा आणि वाडीतली सगळी जनावरं एका दोरीला बांधून घेऊन जायचा. पुढचा एक दात पडलेला, तोंडात सदा काहीतरी टवाळी. कुमेजीला त्या दिवसांत तंबाखूची पानं सोडून हलता येत नसे. सुमी परत यायची तेव्हा हाडं वर आलेली असायची. पण मैदानातून येणारी गाय बारीकच येते, सगळ्यांचीच येते. "दाजी, खालचा चिखल म्हणजे गूळ आहे गूळ, पाय सुटत नाही," इनोसुके सांगायचा. कुमेजी मग हिवाळ्यापर्यंत तिला सोयाबीनचा भुसा शिजवून घालायचा आणि ती पुन्हा भरायची.

त्या वर्षी सुमी गाभण होती.

हे वासरू साधं नव्हतं. सुमी आता उतरणीला लागली होती, आणखी फार तर दोन-तीन रोपण्या. तिच्यामागे गोठ्यात कोणी नव्हतं. वासरू झालं तर घरात तांदूळ येत राहणार होते, नाही तर पोरांनी जव आणि बाजरीवरच जन्म काढायचा होता. कुमेजीनं वासरासाठी बारीक दावं वळून खुंटीला टांगूनही ठेवलं होतं. शिगे, त्याची बायको, म्हणाली, "जन्माआधी दावं वळू नये." तो म्हणाला, "दावंच आहे, अंगडं नाही."

त्यानं सुमीला पाठवायचंच नाही असं ठरवलं होतं. पण वासाबुरोचा निरोप आला, की खांदा दुखावलाय, कुदळ उचलत नाही, दादा, यंदा तूच तार. तेव्हा कुमेजीचं मन विरघळलं. त्यानं उलट निरोप दिला: फक्त तुझीच खाचरं, फक्त सकाळचं काम, खोल चिखलात घालू नकोस, आणि भाडं एकच पोतं दे. अर्ध्या कामाचं पुरं भाडं भावाकडून कसं घ्यायचं?

रोपणीचा महिना संपत आला तसा त्याचा जीव घरात रमेना. त्यानं तंबाखू शिगेच्या गळ्यात घातला आणि इनोसुकेला सांगितलं की यंदा सुमीला आणायला मी जातो. इनोसुके नेहमीसारखा हसला नाही. म्हणाला, "कशाला दाजी, तुमचे गुडघे... मी आहे ना." कुमेजीला वाटलं, मेहुण्याला आपली काळजी आहे. त्यानं सुमीच्या खुरांसाठी मऊ पेंढ्याचे चार नवे जोडे वळले, कमरेला बांधले, आणि गडी निघाला.

वासाबुरोच्या घरावर नवी कौलं चढली होती. उन्हात ती अशी चकाकत होती की कुमेजी वाटेवरच थांबला. मागच्या वेळेस तो आला होता तेव्हा तिथे गवताचं छप्पर होतं. भावाचं बरं चाललेलं पाहून त्याला मनापासून आनंद झाला.

वासाबुरो ओसरीवरून उठून आला आणि अंगणातच गुडघ्यांवर बसला. कुमेजीनं त्याच्या डोक्यावरून गोठ्यात पाहिलं. सुमी उभी होती. तिचं पोट खपाटीला गेलं होतं.

वासाबुरोनं सांगितलं ते असं. सकाळची वेळ होती, काम आटपून तो तिला तळ्याच्या बांधावरून घरी आणत होता, पावसानं माती सैल झालेली, तिचा पाय घसरला. संध्याकाळी गर्भ पडला. नर होता. त्यानं तो घरामागच्या पर्सिमनच्या झाडाखाली पुरला, वर साके शिंपडली. सांगताना तो रडला. त्याची बायको चुलीपाशी पाठ करून बसली होती, ती वळली नाही.

आणि कुमेजीनं काय केलं? त्यानं वासाबुरोला हाताला धरून उठवलं. "तुझा काय दोष त्यात," तो म्हणाला. "बैलाच्या वेळी तूच पाण्यात उतरलास. हे नशीब माझं." त्यानं वासाबुरोच्या दुखऱ्या खांद्यावर हात फिरवला, पर्सिमनच्या झाडाखाली जाऊन हात जोडले, आणि पुढ्यात आलेल्या जाड शेवया गिळल्या. भावाच्या घरचं अन्न टाकायचं कसं?

"घर छान झालंय," तो निघताना म्हणाला.

"तुझीच कृपा, दादा," वासाबुरो म्हणाला.

एक पोतं सुमीच्या पाठीवर चढलं. कुमेजीनं तिचे फाटके जोडे काढून नवे घातले. वासाबुरो वेशीपर्यंत येणार होता, पण खांद्यात कळ आली म्हणून दारातच थांबला. तिथूनच त्यानं पुन्हापुन्हा बजावलं की बांधावरच्या वाटेनं जा, गावातून जाऊ नकोस, गावात चिखल आहे. कुमेजीनं मान हलवली. पण बांधाच्या वळणावर येताच त्याच्या मनात आलं, इथेच बिचारीचा पाय घसरला असेल; जिथे वासरू गेलं तिथून तिला पुन्हा कशाला न्यायची? म्हणून दया येऊन त्यानं दोर गावाकडे वळवला. वासाबुरोनं पाय बांधावर घसरल्याचं सांगितलं नसतं, तर कुमेजी बांधावरूनच गेला असता.

गावातलं पहिलं घर आलं. सुमी आपण होऊन फाटकात वळली, गोठ्याच्या पागोळीखाली जाऊन उभी राहिली, आणि जू घालून घेण्यासाठी मान खाली केली.

कुमेजीला गंमत वाटली. उन्हानं भेलकांडली असेल. आतून एक माणूस लुंगीसारखं काहीतरी गुंडाळत बाहेर आला. म्हणाला, "परत का आणली? आमचं तर केव्हाच झालं." मग त्यानं कुमेजीचा डोंगरी वेश पाहिला आणि एकदम त्याला आत काहीतरी काम आठवलं.

दुसऱ्या घराशी सुमी तशीच वळली. तशीच मान खाली. तिसरं घर तिनं सोडलं, चौथ्यात शिरली. कुमेजी दोर ओढत राहिला. माणूस खोटं बोलतो, कागदही खोटा असतो, पण जनावराचे पाय सवयीच्या जागीच थांबतात. हे आम्हा डोंगरातल्या लोकांना कोणी शिकवावं लागत नाही. आणि एका वर्षात एवढी सवय लागत नाही, हेही कुमेजीला ठाऊक होतं.

चौथ्या घरात तोरा नावाची म्हातारी होती. ती न विचारताच पाण्याची बादली घेऊन आली आणि सुमीच्या तोंडाशी धरली. "ये गं बाई, ये. सुटलीस का त्यांच्या तावडीतून?" मग कुमेजीकडे पाहून म्हणाली, "तुम्ही वासाबुरोचे गडी, का गाईचे मालक?"

"मालक," कुमेजी म्हणाला. तो शब्द त्याला स्वतःलाच खोटा वाटला.

"मग बरे उभे राहता हो इथं. जनाची नाही तर मनाची तरी. पोटुशी गाय, पहाटे एका घरी, दुपारी दुसऱ्याकडे, दिवस मावळेस्तोवर तिसऱ्याकडे. मी ओरडत होते त्या मेल्यांना, खोल चिखलात घालू नका. पण भाडं मोजलेलं ना! वासाबुरोला घरटी पोतं दिल्यावर कोण ऐकतंय म्हातारीचं." तिनं श्वास घेतला. "पोतं तर मीही देते हो, दरवर्षी. पण मी तिला दुपारी सावलीत बांधते."

"वासरू," कुमेजी म्हणाला.

म्हातारी थोडी नरमली. तिनं त्याला परसात नेलं. माळव्याच्या कडेला ताजी उकरलेली माती होती आणि तिच्यावर एक गोल दगड. शेजारच्या खाचरात, चिखलातच पडलं ते, तिनं सांगितलं. गडी ते तिथेच ढकलून पुढचं तास नांगरायला निघाले होते. तिनं ते टोपलीत भरून आणलं. "मादी होती," ती म्हणाली.

म्हणजे पर्सिमनच्या झाडाखाली काहीच नव्हतं. तिथल्या मातीला हात जोडून आपण आलो होतो. कुमेजीच्या डोळ्यांत पाणी नाही आलं. त्याचे कान मात्र तापले, शरमेनं तापतात तसे, आणि शरम वाटायला हवी होती दुसऱ्याच कोणाला.

तो सुमीला तोराच्या परसात सावलीला बांधून परत गेला. वासाबुरो ओसरीपुढे उभा राहून दोन्ही हातांनी लाकूड फोडत होता. खांदा चांगला चालत होता. कुमेजीला पाहून त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली, आणि काही न विचारताच त्याला सगळं समजलं.

"किती वर्षं?" कुमेजीनं विचारलं.

वासाबुरोनं फोडलेली ढलपी बाजूला सारली. मग म्हणाला, "तूच म्हणायचास ना, दादा. तुझीच समजून वापर. मी माझी समजलो." आणि खाली बघत, "माझी असती तरी मी तिला भाड्यानंच दिली असती. मैदानात सगळे देतात. तूच एक आहेस तोंडानं सौदा करणारा."

"मी तुला अर्धं भाडं सोडलं."

"मी मागितलं नव्हतं."

हे मात्र खरं होतं, आणि तेच सगळ्यांत जास्त लागलं. केसानं गळा कापणाऱ्याला आपणच केस काढून दिला होता.

"तू तळ्यात उतरला होतास," कुमेजी म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याला विचारायचं होतं की तो माणूस कुठे गेला.

वासाबुरोच्या तोंडावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. "ते तेव्हा," तो म्हणाला. "आणि हे बघ, मी एकट्यानं खाल्लेलं नाही."

पकडलेला प्रत्येक चोर असंच म्हणतो. कुमेजीनं ते कानाआड टाकलं, नव्या कौलांकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

रात्र त्यानं पायथ्याच्या चहाच्या झोपडीत काढली आणि उजाडताच चढ धरला. वाटेत त्याला एकच गोष्ट धीर देत होती, ती म्हणजे घर. शिगेला सांगू, ती शिव्या देईल, तिच्या शिव्या गावात नावाजलेल्या आहेत. इनोसुकेला सांगू. तो एवढी वर्षं ये-जा करतोय, बिचाऱ्यालाही बनवलं त्या माणसानं. दोघं मिळून काहीतरी मार्ग काढू. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, ठीक आहे, पण जातं तरी आपल्या घरात आहे.

खिंडीच्या माथ्यावर आमच्याकडे गाईचा दोर सोडून देतात. तिथून पुढे तिला माणसाची गरज नसते, ती आपल्या पायानं घरी जाते. गाय एकटी येताना दिसली की घरातली बाई पाय धुवायचं पाणी तापत ठेवते. कुमेजीनंही दोर सुमीच्या मानेला गुंडाळला आणि तिला पुढे जाऊ दिलं. आपण गुडघे सांभाळत मागून आला.

वाडी आली. कुमेजीच्या घरातून धूर निघत नव्हता. खालच्या उतारावर, इनोसुकेच्या अंगणात, कसलीशी झटापट चालली होती.

सुमी तिथे उखळाशेजारी उभी होती. पाठ उखळाकडे करून, पोतं नीट उतरवता यावं अशी, पाय रोवून. इनोसुके तिला खांद्यानं ढकलत होता, शेपटी पिरगाळत होता, पुन्हा पुढे येऊन वेसण ओढत होता. दबक्या आवाजात तिला विनवत होता, "चल ना बाई, आज नाही गं. आज नाही. वर जा. आज तुझं इथं काही नाही."

सुमी हलली नाही. इथे आधी ओझं हलकं होतं आणि मग घरी जायचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दगडी कुंपणापाशी शिगे उभी होती. गाय दिसली म्हणून ती वरून धावत आली असावी, हात तंबाखूच्या चिकानं काळे झालेले. ती भावाची धडपड पाहत होती. तिच्या तोंडावर भीती होती, पण आश्चर्य नव्हतं. कुमेजीनं शोधून पाहिलं, आश्चर्य कुठेच नव्हतं.

"इनो," कुमेजी म्हणाला.

इनोसुकेनं शेपटी सोडली. हसायचा प्रयत्न केला, दाताची खिंड तेवढी दिसली. "दाजी! आलात व्हय. ही बघा ना, कुठं शिरली. उन्हानं भेलकांडली असेल."

"मलाही काल तसंच वाटलं होतं. पहिल्या घराशी."

 सुमीनं कान हलवून माशी उडवली.

"गेली काही वर्षं नव्या वर्षाला तू आम्हाला मोचीचे गोळे कांडायला तांदूळ देतोस," कुमेजी म्हणाला. "मी सगळ्यांना सांगत होतो. मेहुणा असावा तर असा."

"ताई सांगेल," इनोसुके पुटपुटला. "तिला विचारा. एकट्यानं खाल्लं नाही मी."

तेच शब्द. कुमेजीनं शिगेकडे पाहिलं. तिनं अंगावरच्या कपड्याला नाही, कुंपणाच्या दगडालाच हात पुसले.

"नव्या वर्षाला पोरांच्या तोंडात मोची पडत होती," ती म्हणाली. "तांदूळ कुठून आले ते मी विचारलं नाही."

"न विचारणं म्हणजे काय असतं, शिगे?"

शिगे पुन्हा दगडाला हात पुसू लागली.

कुमेजीनं स्वतः पोत्याचा दोर सोडला आणि पोतं उखळाशेजारी उतरवलं. इनोसुके मदतीला पुढे आला, तर कुमेजीनं त्याच्याकडे पाहिलं, तेवढं पुरे झालं. तांदूळ तिथेच राहिले. पाठ मोकळी होताच सुमी शहाण्यासारखी वळली आणि घराच्या वाटेला लागली, अगदी दरवर्षीप्रमाणे. कुमेजी तिच्या मागोमाग गेला. शिगे किती तरी अंतर ठेवून मागून आली.

गोठ्यात त्यानं सुमीचे जोडे काढले. नवे होते, पण एका चढातच झिजले होते. खुंटीवर वासराचं दावं होतं. तेही त्यानं काढलं आणि जळणात टाकलं नाही, फेकलं नाही, उलगडून पुन्हा साधी पेंढ्याची दोरी केली. नव्या वर्षाला घरात मोची कांडली गेली नाही. शिगे आणि तो एकाच चुलीचं खात राहिले, बोलतही राहिले, तंबाखूबद्दल, पावसाबद्दल. सकाळी तिनं वाढलेली जवाची पेज तो पिई, आणि प्रत्येक वेळी आधी एक क्षण वाडग्यात बघे. तिला ते दिसत असे. तो ते थांबवू शकला नाही.

पुढच्या रोपणीला तो सुमीला घेऊन खिंडीच्या पायथ्याच्या तळावर गेला. स्वतः गेला. हेड्यांनी त्याला ओळखलं. एक जाड मानेचा म्हातारा हेडी सैल बाही झुलवत पुढे आला आणि दात काढून म्हणाला, "अरेच्चा, कुमेजीबाबा! तुमचं तर तोंडानं ठरतं. तोंड कुठं हरवलं?"

आसपासचे हसले. कुमेजीही थोडा हसला.

"बोटांची भाषा येते का?" हेड्यानं विचारलं.

"शिकव," कुमेजी म्हणाला आणि बाहीत हात घातला.

आत गरम होतं, घामट होतं. हेड्यानं त्याची बोटं एकेक करून दाबली, हे इतकं, हे तितकं, आणि पहिल्याच सौद्यात त्याला चांगलं बनवलं. कुमेजीला ते बोटांतच कळलं. त्यानं हात काढून घेतला नाही. फसवणारा परका होता, एवढ्यानंच त्याला बरं वाटलं.